'क्लॅपिंग म्युझिक': गुंगीत सरक चुकते, काय करावं?

प्रश्न: अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइख यांची १९७२ची ही फक्त टाळ्यांची रचना नागपुरात दोघं बसवतोय. दोघांचा ठेका एकच; पहिला तो कायम ठेवतो, दुसरा काही आवर्तनांनी एकेक मात्रा सरकतो, तीच सरक. तिसऱ्या-चौथ्या सरकीला दुसरा पहिल्याच्या टाळीत ओढला जातो. उपाय?

उत्तर १: भाऊ, ठेका १२ मात्रांचा: ३ टाळ्या, खाली (टाळी नसलेली मात्रा), २, खाली, १, खाली, २, खाली. सरक म्हणजे दुसऱ्यानं पहिली मात्रा उचलून शेवटी टाकायची. पहिल्या सरकीनंतर त्याचं आवर्तन २ टाळ्यांनी सुरू होतं. १२ सरकींनी पुन्हा एकजीव. दोन ओळींतून कानाला तिसराच ठेका ऐकू येतो, गुंगी त्याचीच. ती श्रोत्यासाठी; वादक त्यामागे गेला की सम गेली. प्रत्येक टप्पा आधी एकट्यानं, तोंडानं 'ता ता ता ऽ' म्हणत पाठ करा.

उत्तर २: आवर्तनं पहिल्यानं मोजावी, शेवटच्याला मान हलवून सरकीची खूण द्यावी. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) दर मात्रेला नको, ३ मात्रांना एक ठोका.

उत्तर ३: दोघांची टाळी सारखीच हवी, दोघांची सपाट किंवा दोघांची पोकळ. एकाची वेगळी वाजली की ओळी सुट्या ऐकू येतात, जादू संपली. आणि तालमीला कूलर बंद ठेवा बा, त्या घरघरीत खाली मात्रा कळतच नाही.