म्हातारपणीचं प्रेम : जवळून पाहिलेलं (अनुभव)

लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला होणारी भाषणं मला सोसत नाहीत. 'एकमेकांसाठीच जन्माला आले' वगैरे. ज्यांच्याबद्दल हे चाललेलं असतं ते दोघं तेव्हा कानाच्या यंत्राची बॅटरी कोण विसरलं यावरून हळू आवाजात भांडत असतात. मला त्या भांडणात जास्त रस आहे.

म्हणून हा धागा. आईवडील, आजीआजोबा, सासूसासरे, शेजारी किंवा तुम्ही स्वतः. उतारवयात दोघं एकमेकांसाठी नेमकं काय करतात, ते लिहा. गोडगोड नको, पाहिलेलं हवं. नावंगावं गाळा.

सुरुवात मीच करते. बाबांना ऐकू कमी येतं, आईला दिसतं कमी. वयाने कान जातात तेव्हा आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. स, श, फ पुसट होतात, बायकामुलांचं बोलणं पुटपुटल्यासारखं वाटतं. आम्ही मुलं ओरडतो. आई ओरडत नाही. ती त्यांच्या समोर बसते, आवाज खाली उतरवते आणि सावकाश बोलते. तिचं दुखणं वेगळं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब झालाय, त्यामुळे समोरचं धुरकट आणि कडेचं त्यातल्या त्यात बरं दिसतं. बाबांचा चेहरा बघायचा तर तिला मान वळवून तिरकं बघावं लागतं. नवख्या माणसाला वाटतं, बाई फणकाऱ्याने तोंड फिरवून बसल्यात. सकाळी बाबा पेपर मोठ्याने वाचतात, आई शेरे मारते, ते शेरे बाबांना भलतेच ऐकू येतात आणि वाद पेटतो. पेपरचं एक पान धड वाचून होत नाही.

*

काकांना पार्किन्सन्स आहे. चालता चालता दारात पाय जमिनीला चिकटतात. आजारातलं हे नेहमीचंच, उंबरा, वळण, अरुंद जागा आली की पाऊल उचलत नाही. ओढून उपयोग नसतो, ओढलं की माणूस पडतो. काकू त्यांच्या पावलापुढे स्वतःचं पाऊल आडवं ठेवते आणि म्हणते, "ओलांडा." आणि ते ओलांडतात! सपाट जमिनीवर न उचलणारा पाय अडथळ्यावरून मात्र जातो. फिजिओथेरपिस्टने ही युक्ती एकदाच दाखवली होती. आता काकू बोलतसुद्धा नाही, गप्पा मारता मारता पाय पुढे सरकवते.

या आजारात अक्षरही बारीक होत जातं. काकांना पहिल्यापासून तिच्यासाठी चिठ्ठ्या लिहायची सवय. 'आज गोळी वेळेवर घेतली' हे वाक्य ठळक अक्षरांत सुरू होतं आणि 'घेतली'पर्यंत मुंगीएवढं होतं. काकूने भिंग आणलंय. मी म्हटलं, तोंडी सांगायला सांग की. तर म्हणाली, "मग लिहायचे थांबतील ना ते."

*

आमच्या आजीला अल्झायमर होता. जवळचं आधी पुसलं जातं, जुनं बराच काळ टिकतं. त्यामुळे तिच्या लेखी आजोबा पंचविशीचे होते, आणि समोर बसलेला पांढऱ्या केसांचा माणूस कोण हे तिला कळत नसे. संध्याकाळ झाली की घालमेल वाढायची. "आमचे हे अजून कसे आले नाहीत?"

आजोबा आधी समजूत घालायचे, "अगं, मीच तो." त्याने ती आणखी घाबरायची. डॉक्टरांनी सांगितलं, वाद घालू नका, तिच्या जगात तुम्ही जा. मग ते म्हणू लागले, "येतील, निघालेत." आणि तिच्याशी त्या न आलेल्या माणसाबद्दल गप्पा मारायचे. कसे आहेत हो ते? रागावतात का? ती भरभरून सांगायची, तक्रारीसकट. आजोबांना स्वतःबद्दलच्या कितीतरी गोष्टी तेव्हा पहिल्यांदा कळल्या. एकदा तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "हे गृहस्थ सज्जन आहेत, पण त्यांना आता घरी जायला सांग. हे आले तर त्यांना काय वाटेल?" मी ते आजोबांना सांगितलं. इतके खूश झालेले मी त्यांना त्या वर्षात पाहिले नव्हते. उठले, बाहेर जाऊन एक फेरी मारली आणि "आलो गं" म्हणत आत आले. त्या दिवशी ओळखलं तिने. नेहमी ओळखायची असं नाही.

*

वरचं वाचून सँड्रा डे ओ'कॉनर आठवल्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायाधीश. नवऱ्याच्या अल्झायमरमुळे त्यांनी २००५मध्ये निवृत्ती जाहीर केली आणि २००६च्या सुरुवातीला पद सोडलं. पुढे देखभाल केंद्रात नवऱ्याचा तिथल्याच एका बाईंवर जीव जडला. त्यांच्या मुलाने २००७मध्ये सांगितलं की, बाबा तिथे रमले याचं आईला समाधानच आहे. माझ्याच्याने हे झालं नसतं, स्पष्टच सांगते.

*

थोडं वेगळं लिहिते, राग मानू नका. सगळ्याच सेवेला प्रेम म्हणू नये. माझे वडील अंथरुणाला खिळले होते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. आईने ते कोणालाही करू दिलं नाही. मदतनीस बाई ठेवली तर आई तिच्या मागे उभी. शेवटी आईची कंबर गेली आणि घरात दोन रुग्ण झाले. सगळे म्हणत, काय ही निष्ठा! मला दिसायची झोप न झालेली, चिडलेली आणि नवऱ्यावर खेकसून मग रडणारी बाई. वडिलांनीच एकदा तिला दटावलं, "तू झोपली नाहीस तर मी औषध घेणार नाही." आणि खरंच तोंड मिटून बसले. तेव्हा कुठे तिने रात्रीची पाळी सोडली. मला विचाराल तर त्या घरातली प्रेमाची गोष्ट ती.

*

+१. आणि हे करणाऱ्या बहुतेक वेळा बायकाच असतात, तेही लिहा कोणीतरी.

*

घ्या, मी पुरुष आहे, वय ७६, आणि करतो आहे. पत्नीला पक्षाघात झाला, उजवी बाजू आणि वाचा गेली. समजतं सगळं, शब्द बाहेर येत नाही. पाणी मागता येत नव्हतं. पण एके दिवशी रेडिओबरोबर अख्खं कडवं म्हणाली, शब्दांसकट. मी खुर्चीतून उठलोच. वाचाउपचार करणाऱ्या बाईंना याचं आश्चर्य वाटलं नाही. बोलण्याचं काम बहुतेकांच्या मेंदूत डावीकडून चालतं, गाण्यात उजवी बाजूही बरीच भाग घेते. म्हणून चालीत बोलायला शिकवण्याची पद्धतच आहे. डाव्या हाताने ठेका धरायचा आणि छोटं वाक्य सुरात म्हणायचं.

मला सूर नाही. आयुष्यभर तिने माझ्या गाण्याची टर उडवली. आता मीच "पा-णी ह-वं" सुरात म्हणतो, ती मांडीवर ठेका धरून मागून म्हणते आणि माझा सूर हुकला की कपाळाला आठी घालते. आमची भांडणंही चालीतच होतात. मुलगी म्हणते, बाबा, शेजारी हसतात. हसू देत.

*

आमच्या घरातलं, थोडक्यात. सासरे गेले त्या रात्री सासूबाईंच्या छातीत कळ आली. अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या मोकळ्या, पण हृदयाचा डावा कप्पा फुग्यासारखा फुगलेला. याला ताकोत्सुबो म्हणतात, नोंद पहिल्यांदा जपानमध्ये १९९०मध्ये झाली. मोठ्या मानसिक धक्क्याने होतो, पाळी गेलेल्या बायकांत जास्त दिसतो आणि बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात. त्याही झाल्या. भेटायला येणारे म्हणायचे, किती प्रेम, त्यांच्यामागोमाग निघाला होतात! त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "कशाला? त्यांच्या फायलींचा पसारा कोणी आवरायचा मग?" अजून आवरताहेत. एक कागद काढतात, वाचतात, सासऱ्यांना दोन शब्द सुनावतात आणि परत त्याच फायलीत ठेवतात.

*

पार्किन्सन्सबद्दल लिहिलंय त्यांना विचारायचं होतं. माझ्या वडिलांचंही दारात असंच होतं. जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवतात म्हणे. किती अंतरावर?

*

काकांना आधी जेवढं पाऊल सहज पडायचं तेवढ्या अंतरावर, चालण्याच्या दिशेला आडव्या. अंतर फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्या. रंग फरशीपेक्षा अगदी वेगळा हवा, चकाकणारा नको. पट्टीची कड उचलली गेली की त्याच दिवशी बदला, पाय अडकतो. आणि आई चालवत असेल तर तिला बूट घालायला सांगा. काकूच्या अंगठ्यावर काकांचा पाय बऱ्याचदा पडलाय.