मदत हवी आहे: बाल्डर्स गेट ३ मध्ये विझार्डच्या स्पेलचा हिशोब नेमका कसा चालतो?

निळीशाई (ठाणे)

नमस्कार मंडळी,

सुट्टीच्या दिवशी माझा भाचा ऐरोलीहून ट्रान्सहार्बरने आमच्याकडे वर्तकनगरला येतो. मग टीव्हीला पीएस५ लावायचा, स्क्रीन दोघांत वाटून घ्यायची आणि बाल्डर्स गेट ३ खेळायचं. तो फायटर (तलवारवाला), मी विझार्ड (जादूगार). दोघांची लेव्हल ४ झाली आहे, माझी इंटेलिजन्स १८ आहे.

भाचा म्हणतो, "मावशी, तूपण तलवार घे ना, सोपं पडेल." मला ते नको आहे. या खेळात मला सगळ्यात जास्त आवडली ती जादूच. तेव्हा कृपया क्लास (पात्राचा प्रकार) बदलायचा सल्ला देऊ नका. यामागचा नियम समजावून सांगा, म्हणजे पुढचं माझं मी ठरवीन.

अडचण अशी. वहीत भरपूर स्पेल (मंत्र) आहेत, पण लढाईत त्यातले थोडेच दिसतात. ते प्रत्येकी एकदाच वापरता येतील असं वाटतं, तर एकच स्पेल चार वेळाही टाकता येतो, आणि मग अचानक सगळेच बंद. फायर बोल्ट तेवढा कधी संपत नाही.

दुसरं म्हणजे होल्ड पर्सन. शत्रू जागच्या जागी थिजतो, भाचा धावत जाऊन त्याच्यापर्यंत पोचतो, मी बाकीच्यांवर वेब (जाळं) टाकते, की तो पहिला मोकळा. कधीकधी तर मी काहीच केलेलं नसतं, मला एखादा बाण लागतो आणि स्पेल सुटतो. आणि काही स्पेलवर ६० टक्के वगैरे आकडा दिसतो, मॅजिक मिसाइलवर मात्र दिसत नाही. असं का?

दुपारची_लोकल

मॅजिक मिसाइल चुकतच नाही, म्हणून टक्का नाही. तीन बाण, प्रत्येकी १ ते ४ अधिक १ इतकी इजा. शत्रूत थोडाच जीव उरला असेल तर तोच टाका.

वीसमुखी (वाशी)

ताई, मी हे नियम आधी टेबलावर, कागद-पेन्सिल आणि फासे घेऊन शिकलो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. हा गेम डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीवर, म्हणजे २०१४ च्या नियमांवर बेतलेला आहे. तिथला हिशोब कळला की पडद्यावरचे आकडे आपोआप कळतात.

तुमच्याकडे तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. वहीत लिहिलेले स्पेल, त्यातून आज तयार ठेवलेले स्पेल आणि ते टाकायला लागणारे स्लॉट. तयार किती ठेवता येतात? तुमची विझार्ड लेव्हल अधिक इंटेलिजन्सचा मॉडिफायर (त्या गुणामुळे मिळणारी भर). १८ ला मॉडिफायर ४, म्हणून ४ अधिक ४, आठ. लढाई चालू नसेल तेव्हा ही यादी कधीही बदलता येते. बरेच जण पहिल्या दिवशीची यादी शेवटपर्यंत तशीच ठेवतात आणि मग विझार्ड दुबळा आहे म्हणतात. कोळ्यांच्या गुहेत उतरताना होल्ड पर्सन कशाला ठेवायचा? तो फक्त माणसासारख्या प्राण्यांवर चालतो.

स्लॉट हा वेगळा साठा. लेव्हल ४ ला पहिल्या पातळीचे चार आणि दुसऱ्या पातळीचे तीन. स्लॉट कुठल्याही एका स्पेलच्या नावावर नसतो, म्हणून एकच स्पेल चार वेळा टाकता आला. जुन्या आवृत्त्यांत तसं नव्हतं, तोच स्पेल दोनदा हवा तर सकाळी दोनदा तयार करावा लागे. आता लोकलचा पास आठवा. फर्स्ट क्लासच्या पासवर सेकंडच्या डब्यात बसता येतं, उलट चालत नाही. तसा पहिल्या पातळीचा स्पेल दुसऱ्या पातळीच्या स्लॉटमधून टाकता येतो, आणि बऱ्याचदा त्याचा जोरही वाढतो. मॅजिक मिसाइलचे तीनाऐवजी चार बाण होतात. फायर बोल्ट कॅन्ट्रिप, म्हणजे कितीही वेळा टाकता येणारा साधा स्पेल आहे, त्याला स्लॉट लागतच नाही.

आता टक्क्यांकडे येऊ. स्पेल दोन तऱ्हेचे. फायर बोल्टमध्ये फासा तुम्ही टाकता. वीस बाजूंचा फासा, त्यात प्रोफिशिअन्सी (लेव्हलनुसार मिळणारी भर) २ आणि मॉडिफायर ४ मिळवायचे. शत्रूचा आर्मर क्लास (हल्ला लागायला गाठावा लागणारा आकडा) १५ असेल तर ९ किंवा जास्त पडायला हवेत, म्हणजे वीसपैकी बारा वेळा. तुमचे ६० टक्के इथूनच येतात. उंचावर उभ्या राहिलात तर फाशात आणखी २ मिळतात आणि ७० होतात. शत्रू अगदी अंगाला भिडून उभा असेल तर लांब पल्ल्याचा हल्ला दोन फासे टाकून त्यातला कमी धरून मोजला जातो. मग ६० चे ३६ होतात. विझार्डने मागे राहावं म्हणतात ते नुसतं जीव वाचवायला नाही.

होल्ड पर्सनमध्ये फासा शत्रू टाकतो. त्याला गाठायचा आकडा ८ अधिक २ अधिक ४, म्हणजे १४. तिथे आर्मरचा संबंध नाही, त्याचा विजडम पाहायचा. म्हणून चिलखतात बुडालेल्या पण मंदबुद्धी शत्रूवर बोल्ट वाया घालवू नका. मला विझार्डची खरी मजा इथेच वाटते. समोरच्याची कुठली बाजू कच्ची आहे ते बघायचं आणि तिथेच घाव घालायचा. शत्रूची माहिती उघडून पाहिली की हे सगळे आकडे दिसतात.

खाडीपलीकडे (नेरुळ)

वीसमुखींनी कॉन्सन्ट्रेशनचं राहू दिलं, ते मी लिहिते. होल्ड पर्सन आणि वेब दोन्ही लक्ष एकवटून धरून ठेवायचे स्पेल आहेत. एका वेळी एकच धरता येतो, दुसरा टाकला की पहिला गेलाच. मार बसला तरी कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) फासा पडतो. १० किंवा बसलेल्या इजेचा अर्धा भाग, यातला मोठा आकडा गाठावा लागतो. ८ ची इजा झाली तर १०, ३० ची झाली तर १५. शिवाय होल्ड पर्सनमधला शत्रू दर पाळीला सुटायचा प्रयत्न करतो, तेव्हा दर वेळी दोष तुमच्याकडे नाही.

होल्ड टाकल्यावर त्या पाळीत दुसरं काही धरायच्या भानगडीत पडू नका. भाच्याला लगेच जाऊ द्या. थिजलेल्या शत्रूवर तीन मीटरच्या आतून केलेला वार लागला की तो क्रिटिकलच, म्हणजे दुप्पट फाशांचा असतो. फायटरला याहून मोठी मदत नाही. तुमची पाळी त्याच्या आधी येईल एवढं बघा.

निळीशाई

किती मनापासून लिहिलंत तुम्ही सगळ्यांनी! काल दोघांनी मिळून हे करून पाहिलं. गॉब्लिनांच्या छावणीत मी होल्ड धरून मागे एका ओट्यावर उभी राहिले आणि भाच्याने दोन वारांत काम संपवलं. तलवार घे म्हणायचं आता बंद आहे.

पण स्लॉट संपले की ते भरायला लगेच लाँग रेस्ट (छावणीतली रात्रभराची झोप) घ्यावी का? कथेतलं काही हुकेल अशी भीती वाटते. आणि लेव्हल ५ ला फायरबॉल (आगीचा मोठा स्फोट) मिळेल. भाचा कायम घोळक्याच्या मधोमध असतो, तो भाजणार नाही का?

खाडीपलीकडे

लाँग रेस्टला बिनधास्त जा. तंबूतले कितीतरी संवाद झोपल्याशिवाय येतच नाहीत. वॉकीन्स रेस्ट या सरायीच्या आगीसारख्या मोजक्या जागा आहेत, तिथे पोचलात तर आधी ते काम उरका. रेस्टला ४० सामान लागतं, तेव्हा दिसेल ते खाणं उचलत चला. त्याआधी आर्केन रिकव्हरी ही विझार्डची सोय वापरा. लेव्हल ४ ला दुसऱ्या पातळीचा एक किंवा पहिल्या पातळीचे दोन स्लॉट परत मिळतात. शॉर्ट रेस्टने (छोट्या विश्रांतीने) विझार्डचे स्लॉट भरत नाहीत, ती सोय वॉरलॉक या दुसऱ्या जादूच्या क्लासची.

वीसमुखी

फायरबॉल आपला-परका ओळखत नाही, सहा बाजूंचे आठ फासे भाच्यावरही पडतील. तुम्ही विझार्डची इव्होकेशन शाखा घेतली असेल तर चिंता नाही, त्या शाखेच्या स्पेलने आपल्या माणसांना इजा होत नाही, आणि फायरबॉल त्यातलाच. दुसरी शाखा असेल तर छावणीतल्या विदर्स या पात्राला १०० सोन्याची नाणी देऊन शाखा बदलता येते. विझार्डच राहायचं आहे, तेव्हा हा सल्ला तुमच्या अटीत बसतो. सापडलेले स्क्रोल (स्पेल लिहिलेल्या गुंडाळ्या) वहीत उतरवायला पातळीमागे ५० नाणी पडतात, आपल्या शाखेच्या स्क्रोलला निम्मी. लेव्हल ५ ला तिसऱ्या पातळीचे दोनच स्लॉट असतील, म्हणून फायरबॉलचा एखादा स्क्रोल मिळाला तर तो न उतरवता जवळ ठेवा. स्क्रोलवरून टाकलेल्या स्पेलला स्लॉट लागत नाही, आणि तो भाच्याच्या फायटरलाही टाकता येतो.