फायरमन आणि अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांचं समुपदेशन: कुठलं प्रशिक्षण घेऊ? (ठाणे)

नौपाड्याची_मी
समुपदेशनात चार वर्षं झाली. येतात ती बहुतेक दहावी-बारावीची मुलं, नाहीतर जोडपी. मागच्या महिन्यात एक फायरमन आले. इमारत पडली त्या रात्रीचं सांगत होते. ढिगाऱ्याखाली कुणाचातरी मोबाइल वाजत राहिला होता, तिथवर आले आणि माझेच डोळे भरले. त्यांनी उठून मला पाणी दिलं, म्हणाले, "जाऊ द्या मॅडम." परत आले नाहीत.
दोन दिवसांच्या ऑनलाइन 'क्रिटिकल इन्सिडेंट डीब्रीफिंग' कोर्सची जाहिरात पाहिली. करू का?

ऐरोलीकर
क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, म्हणून स्पष्टच सांगतो: पैसे घालवू नका. घटनेनंतर लगेच बसवून सगळं वदवून घ्यायची ही पद्धत अमेरिकेत १९८३च्या सुमारास अशाच लोकांसाठी निघाली. पुढे चाचण्यांमध्ये अशा एका बैठकीने पीटीएसडी (भयंकर प्रसंगानंतर मागे राहणारा मानसिक आजार) टळतो असं काही दिसलं नाही, काही जणांचा त्रास उलट वाढला. त्यापेक्षा मानसशास्त्रीय प्रथमोपचार, म्हणजे धक्क्यातल्या माणसाला पहिला आधार कसा द्यायचा, ते शिका. डब्ल्यूएचओची २०११ची पुस्तिका नेटवर फुकट आहे. त्यात बोलायला भाग पाडायचं नाही, हेच आधी सांगितलंय.
पीटीएसडी असेल तर ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी किंवा ईएमडीआर या आघातावरच्या खास उपचारपद्धती शिका, पण सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी माणसाची देखरेख, मिळत असेल तरच. नाहीतर काठावर बसून पोहायला शिकल्यासारखं. ठाण्यातच आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) आहे, मानसिक आरोग्यावर काम करणारी १९९०पासूनची संस्था, आधी तिथे विचारा.

निवृत्त_फायरमन_वाशी
ताई, तो रागावला नसेल. समोरचा ढासळला की त्याला आधी सावरायचं, ही आमची सवयच. पण तुम्हालाही आपण त्रास दिला असं त्याला वाटलं असणार.
२०२३ला इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा तिथे होतो. मशीन वर चढेना, फावडं आणि हात. घरी आल्यावर सगळे "काय झालं?" विचारायचे, मी गप्प. "झोप लागते का? जेवण जातं का?" असं कुणी विचारलं असतं तर बोललो असतो.
परवानगी काढून एक दिवस स्टेशनवर बसा. वर्दी (आगीचा, अपघाताचा कॉल) आली की ताट तसंच राहतं, ते बघा. आणि पहिल्याच भेटीत सांगा, तुम्ही लिहिलेला कागद कुणाकडे जाणार. साहेबांना कळलं तर गाडीवरून काढून टेबलावर बसवतील, ही भीती सगळ्यांना असते.

ऐरोलीकर
+१ काका. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे, अपवादही आहेत. दोन्ही मराठीत एका पानावर लिहून हातात द्या. खात्याने पाठवलेला माणूस असेल तर खात्याला काय कळवणार, हे आधीच लेखी ठरवा.

कळव्याची_सून
मिस्टर १०८ अ‍ॅम्ब्युलन्सवर आहेत. दर बुधवारी सहाला या म्हटलं की संपलंच, शिफ्ट बदलते. वर न आल्याचे पैसेही कापले होते एका ठिकाणी! रात्री-अपरात्रीसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर तेवढा देऊन ठेवा.

नौपाड्याची_मी
कोर्स रद्द. काका, त्या फायरमनना फोन करू का?

निवृत्त_फायरमन_वाशी
मेसेज टाका. ड्युटीवर असला तर फोन सगळ्यांसमोर उचलावा लागेल.