मेडिकलवाला म्हणजे नुसता दुकानदार?

गोळीवाला_खानापूर
परवा इथं एकानं लिहिलं, "कोरोनात मेडिकलवाल्यांनी गल्ला भरला. पुढची साथ आली की औषधं सरकारी दवाखान्यातून नाहीतर ऑनलाइन वाटा. मधल्या दलालांची गरज काय?" त्यावर बऱ्याच ओळखीच्या लोकांनी होकार भरला. ते बघून दोन रात्री डोळा लागला नाही, म्हणून लांबलचक लिहितोय.

मी बी.फार्म. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात माझं मेडिकल आहे. २४ मार्च २०२० च्या रात्री लॉकडाऊन जाहीर झाला आणि दुसऱ्या दिवसापासून गावातल्या दोन्ही डॉक्टरांनी शटर ओढलं. त्यांच्यावर राग नाही, दोघंही साठीच्या पुढचे. पण सरकारी दवाखाना नऊ किलोमीटरवर आणि एस.टी. बंद. बीपी, शुगर, थायरॉइड, फिट्सची माणसं जाणार कुठं? फिट्सची गोळी दोन दिवस चुकली तर बाई चुलीपुढं पडते. ऑनलाइनवाले तेव्हा आमचा पिनकोड घेतच नव्हते.

चुन्यानं गोल मारले, दारात दोरी बांधली. आठवड्यातून दोनदा बेळगावला स्टॉकिस्टकडं मोटारसायकलवरून जायचो, मागं बर्फाच्या डब्यात इन्सुलिन. न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंशात ठेवाव्या लागतात, नाहीतर औषध वाया. सीमेपलीकडची, महाराष्ट्रातल्या चंदगडकडची एक बारा वर्षांची पोरगी इन्सुलिनवर होती. सीमेवरचा रस्ता मुरूम टाकून अडवलेला. तिचा बाप शिनोळीच्या बाजूनं यायचा, मी बाचीच्या बाजूनं, आणि मधला पोलीस हात पुढं करून डबा पलीकडं द्यायचा. चार वेळा दिला.

हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन ही मलेरिया-संधिवाताची गोळी. कोरोनावर चालते अशी तेव्हा हवा होती. २६ मार्चला ती शेड्यूल एच-१ मध्ये गेली. म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही आणि रजिस्टरात पेशंट-डॉक्टरचं नाव लिहायचं. त्याच आठवड्यात गावातली वजनदार माणसं "घरात असू देत" म्हणून दहा-दहा पट्ट्या मागायला आली. नाही दिल्या. संधिवाताची एक बाई त्याच गोळीवर चालते-फिरते, तिच्यासाठी कपाटात मागं ठेवल्या. त्यातल्या एकानं वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं.

आणि लस? १६ जानेवारी २०२१ ला दवाखान्यातल्या माणसांना सुरू झाली. मी रोज शंभर गिऱ्हाइकांसमोर उभा, पण मला मिळाली ती ४५ वर्षांवरच्यांना १ एप्रिलपासून उघडली तेव्हा, वयामुळं. दलाल म्हणताना एवढं आठवा.

येळ्ळूरकर
वाचलं. तुम्ही चांगले असाल. आता माझं ऐका.

मे २०२१. बाबांना ताप, ऑक्सिजन ९६, म्हणजे ठीक. भाऊ मेडिकलला गेला. काउंटरवरच्या पोरानं अझिथ्रो, आयव्हरमेक्टिन आणि डेक्सा, म्हणजे शुगर वाढवणारं स्टेरॉइड, बांधून दिलं. चिठ्ठी मागितली नाही, शुगर आहे का विचारलं नाही. म्हणाला, "सगळे हेच घेऊलालेत." बाबांनी दहा दिवस घेतलं. शुगर ४६० वर गेली. मग गालाला सूज, नाकातून काळं पाणी, एक डोळा मिटेना. म्युकर, म्हणजे काळी बुरशी. डोळा काढला. त्यावरच्या अँफोटेरिसिन इंजेक्शनसाठी आम्ही दोन भाऊ तीन जिल्हे फिरलो. बाबा राहिले, पण आता ताटातली आमटी कुठल्या बाजूला आहे ते हातानं चाचपतात.

डेक्सा ऑक्सिजन लागलेल्या पेशंटला वाचवतं, न लागलेल्याला त्याचा फायदा नाही, हे इंग्लंडच्या रिकव्हरी चाचणीत जून २०२० मध्येच दिसलं होतं. त्यानंतर अकरा महिन्यांनी आमच्या घरात हे झालं. फार्मासिस्टला हे माहीत नसावं? पण तिथं फार्मासिस्ट होताच कुठं! भिंतीवर सर्टिफिकेट एकाचं, तो महिन्याला भाडं घेऊन मोकळा, आणि काउंटरवर बारावी नापास पोरगा. फार्मसी कायदा १९४८ चा. कलम ४२ म्हणतं, नोंदणी असलेल्या फार्मासिस्टशिवाय डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध कुणी द्यायचं नाही. तुमच्या तालुक्यात किती दुकानांत पाळतात?

गोळीवाला_खानापूर
सर्टिफिकेट भाड्यानं देणारे माझ्याही बॅचमध्ये आहेत. मी त्यांची बाजू घेणार नाही. पण एका पोराच्या चुकीवरून सगळ्यांना दलाल म्हणायचं?

येळ्ळूरकर
एका पोराची चूक? माझ्या बापाचा डोळा आहे तो. शब्द जपून वापरा.

गोळीवाला_खानापूर
चुकलं. तसं लिहायला नको होतं.

सिस्टर_वडगाव
मी तेव्हा कोविड वॉर्डात होते. येळ्ळूरकर दादा म्हणतात तसे पेशंट मी हातानं हाताळलेत. घरी आठ-दहा दिवस स्टेरॉइड खाऊन यायचे आणि विचारलं की सांगायचे, "मेडिकलमधून ताकदीची गोळी आणली होती." पण सगळाच दोष काउंटरचा नाही. कित्येकांकडं डॉक्टरांनीच पाठवलेली चिठ्ठी मोबाइलमध्ये असायची, पहिल्या दिवसापासून डेक्सा लिहिलेली.

माझा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. ताप-खोकल्याची गोळी नेणाऱ्याचं नाव आणि नंबर मेडिकलवाल्यांनी लिहून कळवायचं ठरलं होतं ना? ती यादी नीट आली असती तर आमच्या आशा ताई चार दिवस आधी त्या घरात पोचल्या असत्या.

गोळीवाला_खानापूर
अक्का, लिहिलं की. लोक नऊ आकडी नंबर द्यायचे. नाव विचारलं की "शेजाऱ्याला पाहिजे" म्हणायचे. दाराला क्वारंटाइनचा कागद लागेल, गल्ली वाळीत टाकेल, ही भीती. तिसऱ्या दिवसापासून तापवाले माझ्याकडं यायचे बंद झाले, किराणात पॅरासिटॅमॉल घेऊ लागले. जे गिऱ्हाईक मला सांगायचं, "दादा, वास येईना झालाय," ते तुटलं. वही भरली, पण माणूस गेला. टीबीचंही २०१८ पासून तसंच. औषध नेणाऱ्याची माहिती मेडिकलनं कळवायची, न कळवल्यास तुरुंगापर्यंतची तरतूद. धाक दाखवून माणूस खरं नाव सांगत नाही. आधी त्याला खात्री पाहिजे की त्याचं नाव चव्हाट्यावर जाणार नाही.

सीमावासी_८६५
कागदाचं नाव काढलंत म्हणून सांगतो. आमच्या आत्याच्या दाराला जो कागद चिकटवला तो फक्त कन्नडमध्ये. तिला एक अक्षर कळलं नाही. चौदा दिवस म्हणजे कधीपर्यंत, श्वास लागला तर कुणाला फोन, काही नाही. गल्लीत पत्रकं वाटली तीही कन्नडच. साथीत जीव वाचवायची माहिती स्वतःच्या भाषेत मिळत नसेल तर फार्मासिस्टनं काय करायचं आणि डॉक्टरनं काय? मूळ दुखणं हे आहे.

निपाणीचा_मास्तर
भाषेचा प्रश्न मलाही लागतो, पण प्रत्येक धागा तिथंच नेऊ नका. चिकोडीकडून येणाऱ्या कानडी म्हाताऱ्या "गुळिगी कोडरी" म्हणत निपाणीच्या मेडिकलात उभ्या असतात. गोळीवरचं इंग्रजी त्यांनाही वाचता येत नाही आणि तुमच्या आत्यालाही नाही.

सीमावासी_८६५
मास्तर, कानडी म्हातारीसाठी सरकारी पत्रक तरी आहे. आमच्यासाठी ते पण नाही. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये मोफत उपचाराची महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या आमच्या ८६५ गावांना, ज्यांवर तो हक्क सांगतो, लागू केली, तर त्यालाही कर्नाटक सरकारनं हरकत घेतली. आजारी माणसाला मदत मिळतेय, त्यात कुणाचं काय जातं? तुमच्यासारखे समजुतीनं घेणारे आहेत म्हणूनच आमचं ऐकलं जात नाही.

निपाणीचा_मास्तर
मी तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलंय. शाळा बंद पडू नये म्हणून घरोघरी पोरं गोळा करत फिरलोय. मला मराठी शिकवू नका.

चंदगडी
योजनेवरून भांडताय, आम्ही तर महाराष्ट्रातच आहोत आणि तरी दुखणं काढायला बेळगावलाच येतो. कोल्हापूर लांब पडतं. २०२१ मध्ये सीमेच्या नाक्यावर, कोगनोळीला काय, शिनोळीला काय, आरटीपीसीआर दाखवल्याशिवाय आत सोडेनात. आईचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा. प्रत्येक खेपेला तपासणी कुठून आणू? त्या दिवसांत डॉक्टर भेटले नाहीत, नेता भेटला नाही. फोन उचलला तो मेडिकलवाल्यानंच. पोटॅशियम वाढतंय म्हणून नारळपाणी आणि केळी बंद करा, हे त्यानं सांगितलं. आम्ही ताकद यावी म्हणून रोज नारळपाणी देत होतो.

सिस्टर_वडगाव
बघा. हे काम. ह्याला दलाली म्हणत नाहीत. आणि भाषेवर तुम्ही दोघं भांडत बसलाय, खानापूरच्या दादांना कुणी विचारलंत का, ते औषध समजावून कसं सांगतात?

गोळीवाला_खानापूर
पुडीवर चित्र काढतो अक्का. सकाळला डोंगरातून निघालेला सूर्य, दुपारला पूर्ण गोल, रात्रीला चंद्रकोर. जेवणानंतरची असेल तर खाली ताट. शुगर आणि बीपीच्या गोळ्या एकसारख्या पांढऱ्या दिसतात, म्हणून शुगरच्या पट्टीच्या पाठीवर लाल स्केचपेनची आडवी रेघ. मराठी, कानडी, न शिकलेली, सगळी माणसं ते वाचतात. पण सीमावासी म्हणतात तेही खरं आहे. चित्रात "श्वास लागला तर थांबू नका" लिहिता येत नाही. त्याला आपली भाषाच लागते. छापील मराठी पत्रक मिळालं असतं तर प्रत्येक पुडीबरोबर दिलं असतं.

सीमावासी_८६५
ठीक आहे. मास्तरांना जे बोललो ते जास्त झालं. मागणी मात्र सोडणार नाही.

निपाणीचा_मास्तर
सोडू नका. पत्रकाचा मजकूर मराठीत मी लिहून देतो. औषधाचं तेवढं सिस्टरांनी तपासावं.

सिस्टर_वडगाव
पाठवा सर. रविवारी मला सुट्टी आहे.

येळ्ळूरकर
खानापूरच्या दादा, तुमच्यासारखं दुकान आमच्या गल्लीत असतं तर बाबांचा डोळा राहिला असता, एवढं मान्य करतो. त्याच्या पुढं जात नाही. काउंटरवर शिकलेला माणूस उभा राहत नाही तोवर साथीत मेडिकलला जास्त अधिकार द्या म्हणणाऱ्यांना माझा विरोध राहील. आईची शुगरची गोळी अजून त्याच दुकानातून आणतो, जवळ दुसरं नाही. आता गेलो की आधी विचारतो, फार्मासिस्ट कोण आहे, त्याला बोलवा. परवा पहिल्यांदा आतून एक मुलगी आली, पांढरा कोट घातलेली. तिनं चिठ्ठी दोनदा वाचली आणि विचारलं, आईंची किडनीची तपासणी शेवटची कधी केली होती?