प्लॅनिंगला चित्रकला लागत नाही, पायपीट लागते

'चित्रकला चांगली नसेल तर बी. प्लॅनिंगकडे (नगरनियोजनाच्या पदवीकडे) वळू नये' असं या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, ते पटलं नाही. जेईई मेनमध्ये ड्रॉइंगची चाचणी बी. आर्क.च्या (वास्तुकलेच्या पदवीच्या) पेपर २अ मध्ये असते. प्लॅनिंगच्या २ब मध्ये गणित, अभियोग्यता आणि नियोजनावरचे प्रश्न असतात.

खरी परीक्षा नंतर होते. आम्हाला स्टुडिओसाठी, म्हणजे प्रात्यक्षिकाच्या विषयासाठी, एका तालुक्याच्या गावी जमीनवापराच्या सर्वेक्षणाला पाठवलं होतं. नकाशात रहिवास पिवळा, व्यापार निळा, उद्योग जांभळा. पहिल्याच गल्लीत अडलो. पुढे पिठाची गिरणी, मागे स्वयंपाकघर, माळ्यावर भाडेकरू. रंग कुठला द्यायचा? मालकीणबाई म्हणाल्या, "घर लिहा बाळा, नाहीतर पट्टी वाढेल." तेव्हा हसलो. पण १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम २५ नुसार गावाच्या विकास योजनेआधी असाच नकाशा करावा लागतो, आणि सार्वजनिक कामांसाठी जागांवरची आरक्षणं त्याच्या आधारावर पडतात. तिथे चुकलेला रंग पुढे कुणाच्या तरी घरावर येतो.

एक व्यावहारिक गोष्ट: वास्तुविशारदांना १९७२ च्या कायद्याने नोंदणी आहे, नियोजनकारांसाठी तसा केंद्रीय कायदा नाही. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.