मदत हवी आहे: कंपनीच्या कॅन्टीनमध्ये साध्या कोल्ड्रिंकऐवजी सगळं डाएट ठेवावं का?

अंबडचा डबेवाला

नमस्कार मंडळी. नाशिकला अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीचं कॅन्टीन चालवतो. तिन्ही शिफ्ट मिळून अडीचशेच्या आसपास ताटं. यंदाच्या मेडिकलमध्ये बऱ्याच जणांना शुगर निघाली. लगेच वरून फर्मान आलं: फ्रीजमधली साधी कोल्ड्रिंक्स बंद, फक्त डाएट नाहीतर झिरो ठेवा, आणि चहासुद्धा 'शुगर-फ्री' करा.

कामगारांत दोन तट पडलेत. काहींच्या मते डाएटनं कॅन्सर होतो. काही म्हणतात साखरच नाही तर कितीही प्या. मला नक्की काय ते हवंय. दिवसाला किती बाटल्या चालतात? चहाच्या पिंपात गोळ्या टाकल्या तर चालेल का? पोळ्यांच्या आचेनं जेवणघर तापतं, क्रेट मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहतात, एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळिशी गाठते, त्यानं काही बिघडतं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

मेथीदाणा

कॅन्सरचं आधी उरकू. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं अस्पार्टेमला, म्हणजे डाएट कोल्ड्रिंकमधल्या कृत्रिम गोडीला, '२ब' गटात टाकलं, तिथून हे सुरू झालं. या गटाचा अर्थ 'कर्करोगाशी संबंध असू शकतो, पुरावा तोकडा'. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. किती घेतल्यावर किती धोका, हे तो गट सांगतच नाही. ते सांगणारी समिती वेगळी. तिनं त्याच वेळी पुन्हा तपासून जुनीच मर्यादा कायम ठेवली: वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ४० मिलिग्रॅम.

६० किलोच्या माणसाला म्हणजे २४०० मिग्रॅ. एका कॅनमध्ये २०० ते ३०० मिग्रॅ अस्पार्टेम धरलं तरी मर्यादा गाठायला ८ ते १२ कॅन लागतात, तेही रोज. आपल्याकडच्या बऱ्याच डाएट कोलात अस्पार्टेमच्या जोडीला दुसरा स्वीटनर अ‍ॅसेसल्फेम-के असतं, त्यामुळे अस्पार्टेम याहून कमीच भरतं. तेव्हा एक-दोन बाटल्या पिणाऱ्याला या कारणासाठी घाबरवू नका.

एक अपवाद: फिनाइलकीटोन्यूरिया हा जन्मजात आजार असणाऱ्यांना अस्पार्टेम वर्ज्य, कारण त्यातून त्यांच्या शरीराला न झेपणारं फिनाइलअ‍ॅलानिन सुटतं. आजार दुर्मीळ आहे, पण लेबलवर तशी सूचना असते ती याचसाठी. मुलांसाठी शिफारस नाही, हेही लेबलवर असतं. कंपनीच्या स्नेहसंमेलनाला पोराबाळांना डाएट वाटू नका.

पांढरा एप्रन

चहा आणि शेडबद्दल. (फूड टेक्नॉलॉजीवाला आहे, म्हणून थोडं लांबेल.)

पिंपात गोळ्या टाकू नका. आधी पाकिटावर गोळी कशाची आहे ते पाहा, घटकांच्या यादीत स्वीटनरचा आकडा असतो. ९५१ म्हणजे अस्पार्टेम, ९५० अ‍ॅसेसल्फेम-के, ९५५ सुक्रालोज, ९५४ सॅकरिन, ९६० म्हणजे स्टीव्हियातली गोडी. अस्पार्टेम हे दोन अमिनो आम्लांचं जोडकाम आहे, उष्णतेत ते तुटतं. कपात चहा ओतल्यावर गोळी टाकली तर पिऊन होईपर्यंत फारसं काही होत नाही. पण तुमचं पिंप तास-दीड तास ८० अंशांवर उभं असतं. पहिल्या रांगेला चहा गोड लागेल आणि शेवटची रांग 'फिक्का' म्हणून ओरडेल. मग आचारी आणखी गोळ्या टाकणार. तुटून जे होतं ते विषारी नाही, गोडी मात्र जाते.

सुक्रालोज चहाच्या तापमानाला टिकतं. पण स्वस्त पडतं म्हणून शुद्ध पावडर आणायच्या भानगडीत पडू नका. ती साखरेच्या साधारण ६०० पट गोड. ८०० ग्रॅम साखरेच्या जागी जेमतेम १.३ ग्रॅम लागेल आणि तुमचा भटारखान्यातला काटा ५ ग्रॅमच्या खाली काही दाखवत नसणार. बोटभर जास्त पडली की अख्खं पिंप ओतून द्यावं लागेल. आणखी एक, सुक्रालोज तळण्या-भाजण्यात वापरू नये. १२० अंशांच्या वर ते फुटून क्लोरीनयुक्त संयुगं तयार होऊ शकतात, असा इशारा जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेनं २०१९ मध्ये दिलाय. चहाला हे लागू नाही, नानकटाईला आहे.

सरळ उपाय: पिंपातला चहा बिनसाखरेचा ठेवा. काउंटरवर एका बाजूला साखर आणि दुसरीकडे गोळ्यांची डबी. एक गोळी साधारण एक चमचा साखरेइतकी गोड. ज्याला जे हवं ते त्यानं कपात घालावं. कोणाला न सांगता स्वीटनर पाजणं तसंही बरोबर नाही.

आता शेड. कोला आंबट असतो, डाएट कोलाचा पीएच ३ च्या आसपास. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की अस्पार्टेम आणखी लवकर तुटतं. म्हणूनच डाएटची 'बेस्ट बिफोर' मुदत साध्या कोल्ड्रिंकपेक्षा सहसा कमी असते. पत्र्याखाली पडून राहिलेली बाटली मुदतीत असूनही पाणचट आणि नुसती आंबट लागते. क्रेट धान्याच्या कोठीत हलवा, भिंतीपासून हातभर सोडून, आणि माल आठवड्यापुरताच घ्या. नवा क्रेट खाली, जुना वर. डिलिव्हरीच्या पोराला ढाक्क करून जुन्यावर नवा ठेवायची सवय असते, तिथे लक्ष द्या.

गोदाकाठ

एवढी केमिकलं पाजण्यापेक्षा उसाचा रस ठेवा की! नैसर्गिक आहे, ताकद येते. आपल्याकडे रसवंत्यांना काय तोटा? नाहीतर द्राक्षाचा रस, नाशिकचंच पीक आहे.

मेथीदाणा

@गोदाकाठ काका, चवीबद्दल वाद नाही. पण प्रश्न शुगरवाल्यांचा आहे. साध्या कोलात १०० मिलीला साडेदहा ग्रॅमच्या आसपास साखर असते, २५० मिलीत सव्वीसेक ग्रॅम. उसाचा रस याहून कमी नाही, बऱ्याचदा जास्तच. आणि १०० ग्रॅम गोड द्राक्षांत १५-१६ ग्रॅम साखर. द्राक्षं चावून खाल्ली तर मूठभरात पोट थांब म्हणतं, रस काढला की पाव किलोचा घोट होतो. साखर नैसर्गिक की कारखान्याची, हे रक्ताला कळत नाही.

रात्रपाळी

कारखान्यांच्या आरोग्य विभागात काम करते. या धाग्यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अजून कोणी बोललेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमच्या शुगरवाल्यांपैकी काहीजण ग्लिमेपिराइडसारख्या शुगर उतरवणाऱ्या गोळ्यांवर असतील, काही इन्सुलिनवर. गोळी घेतली, नाश्ता चुकला आणि मशीनवर उभं राहावं लागलं, की शुगर ७० च्या खाली जाऊ शकते. दरदरून घाम, हातांना कंप, सपाटून भूक, विनाकारण चिडचिड, मग बोलणं असंबद्ध. अशा वेळी सोबतचे लोक धावत कॅन्टीनला येतात आणि फ्रीजमधलं कोल्ड्रिंक नेऊन पाजतात. फ्रीजमध्ये फक्त डाएट असेल तर? बाटली रिकामी होईल आणि शुगर तसूभर वर येणार नाही. त्यात साखरच नाही.

'मग एक क्रेट साधा ठेवू' यावरही विसंबू नका. काही नेहमीच्या लिंबू सोड्यांतही आता साखर कमी करून जोडीला ९६० किंवा ९५५ घातलेलं असतं. जीभ गोड म्हणते, पण साखर निम्मीच असते. म्हणून काउंटरखाली लाल डब्यात ग्लुकोज पावडर ठेवा, साधी, औषधाच्या दुकानातली. डब्यावरच लिहून ठेवा:

शुद्धीवर असेल तर १५ ग्रॅम, म्हणजे तीन सपाट चहाचे चमचे, अर्धा ग्लास पाण्यात. १५ मिनिटांनी ग्लुकोमीटरवर तपासा. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. बरं वाटल्यावर पोळी किंवा बिस्किटं खायला द्या. लगेच मशीनवर पाठवू नका, ग्लिमेपिराइडचा परिणाम तासन्‌तास राहतो आणि शुगर पुन्हा उतरू शकते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ लावायचा.

साखर न ठेवता ग्लुकोजच का? काही पेशंट व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेतात. या गोळ्या आतड्यात साखर फुटण्याचं काम अडवतात, त्यामुळे चहाची साखर त्यांना वेळेवर चढत नाही. ग्लुकोज फुटायची गरजच नसते.

अंबडचा डबेवाला

बापरे, लाल डब्याचं डोक्यातच नव्हतं. सोमवारीच ठेवतो. मीटर सेफ्टीवाल्यांकडे आहे.

आणखी दोन गोष्टी. एचआर म्हणतंय डाएट ठेवलं की कामगारांची वजनं उतरतील. खरं आहे का? आणि प्रेस शॉपवाले उन्हाळ्यात घामानं निथळतात, त्यांच्यासाठी 'झिरो शुगर' एनर्जी पावडरचे खोके घ्यायचं चाललंय.

मेथीदाणा

वजनाच्या बाबतीत मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी स्वीटनर वापरू नका. ही शिफारस सशर्त आहे आणि ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना लागू नाही, हे बातम्यांत गळून जातं. थोड्या मुदतीच्या चाचण्यांत वजन सरासरी पाऊण किलोच्या आतच उतरलेलं दिसलं. लांब पल्ल्याच्या निरीक्षणांत उलट डाएटवाल्यांत मधुमेह आणि हृदयविकार जास्त आढळले. पण आधीच वजन वाढलेली माणसंच डाएटकडे वळतात, त्यामुळे कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे त्यातून सुटत नाही. २०२२ च्या एका प्रयोगात १२० निरोगी लोकांना दोन आठवडे वेगवेगळे स्वीटनर दिले. सॅकरिन आणि सुक्रालोजच्या गटांत साखर पचवण्याची प्रतिक्रिया बिघडलेली दिसली, तीही प्रत्येकात सारखी नाही.

माझं मत विचाराल तर रोज दोन बाटल्या साधा कोला पिणाऱ्यानं डाएट घेतलं तर त्याच्या पोटातली पन्नासेक ग्रॅम साखर वाचते, आणि हा फायदा खरा आहे. जो काहीच पीत नव्हता त्याला 'साखर नाही' म्हणून डाएटची सवय लावलीत तर फायदा शून्य. शिवाय दोन्ही आंबट असल्यामुळे दातांचं कवच दोन्हींनी झिजतं. दिवसभर घोट घोट पिण्यापेक्षा जेवणासोबत एकदाच पिऊन संपवलेलं बरं, आणि त्यानंतर अर्धा तास ब्रश नको. क्रिएटिनिन वाढलेल्यांनी गडद कोला टाळावा, डाएट असला तरी. त्यातलं फॉस्फोरिक आम्ल, लेबलवर ३३८, कमजोर किडनीला नको असतं.

खरी साखर तुमच्या चहात आहे, हे एचआरला सांगा. चार कप, प्रत्येकी दोन चमचे, झाले ४० ग्रॅम. तिथे हात घाला.

पांढरा एप्रन

पावडरीबद्दल. घामासाठी झिरो शुगर पावडर हा पैशाचा चुराडा वाटतो. ताक करा. १० लिटरला २ किलो दही, बाकी पाणी, २५ ग्रॅम मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. २०० मिलीच्या ग्लासात अर्धा ग्रॅम मीठ जातं. बीपीवाल्यांसाठी एक घागर बिनमिठाची.

मात्र कोणाला जुलाब-उलट्या झाल्या तर झिरो शुगर काही उपयोगाची नाही. ओआरएसमध्ये लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं ते चवीसाठी नव्हे. आतड्यात सोडियम आत ओढायला ग्लुकोज सोबत लागतं. स्वीटनरला ते काम जमत नाही. त्यामुळे मधुमेहाच्या पेशंटलाही जुलाबात खरं ओआरएसच, शुगर तपासत तपासत.

चिमूटभर

शुगर-फ्री मिठाईचं काय? दिवाळीला कंपनी वाटते ती. आमच्याकडे खाल्ल्यावर दोघांची पोटं बिघडली.

रात्रपाळी

डब्यावर ९६५ किंवा ४२० दिसतंय का बघा. माल्टिटॉल आणि सॉर्बिटॉल. हे पुरते पचत नाहीत, आतड्यात पाणी ओढतात, चार-पाच तुकड्यांत पोट गुडगुडायला लागतं. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेणाऱ्याला जुलाब झाले की आधी गोळीवर संशय जातो, कारण तिनंही होतात. मिठाई थांबवून दोन दिवस बघायचं, गोळी परस्पर बंद करायची नाही. आणि माल्टिटॉलनं शुगर वाढते, साखरेपेक्षा कमी पण वाढते. खवा-तुपाच्या कॅलरी आहेत तशाच राहतात.

अंबडचा डबेवाला

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: पिंप बिनसाखरेचं, साखर आणि गोळ्या काउंटरवर, ताक रोज. फ्रीजच्या खालच्या खणात डाएट. साधं कोल्ड्रिंक बंद. कोणी एकदम बिनसाखरेच्या चहाला नाही म्हटलं तर?

पांढरा एप्रन

म्हणणारच. म्हणून एकदम करू नका. १०० कपांना आत्ता ८०० ग्रॅम साखर घालत असाल तर दर पंधरवड्याला १०० ग्रॅम कमी करा, आणि सांगू नका. आलं-गवती चहा थोडा वाढवा. ४०० वर आलात की पिंप बिनसाखरेचं करून डब्या बाहेर मांडा. चमचा मात्र छोटा ठेवा, आइस्क्रीमचा असतो तो.