'अप्रोप्रिएट' शिक्षण : कायद्यात इतका सैल शब्द असावा का?

कडुनिंब (धागाकर्ता)

सूटेबल, अप्रोप्रिएट, प्रॉपर, फिट, अ‍ॅप्ट. शाळेत हे सगळे शब्द आपण 'योग्य' या एकाच अर्थाने पाठ केले. पण यातला कुठला शब्द कायद्यात बसला, यावर एखाद्या मुलीला वर्गात दुभाषी मिळणार की नाही हे ठरू शकतं.

अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने अपंग मुलांना मोफत आणि 'अप्रोप्रिएट' सार्वजनिक शिक्षणाचा हक्क दिला. न्यूयॉर्क राज्यातल्या एका कर्णबधिर मुलीच्या पालकांनी वर्गात खुणांच्या भाषेचा दुभाषी मागितला. शाळेने श्रवणयंत्र दिलं होतं, वेगळी शिकवणीही दिली होती. मुलगी ओठ वाचून दरवर्षी पास होत होती, पण वर्गात बोललेलं बरंच काही तिच्यापर्यंत पोहोचतच नव्हतं. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राउली खटल्यात ६ विरुद्ध ३ मतांनी दुभाषी नाकारला. मुलीला शिक्षणाचा काही लाभ होतोय, तेवढं पुरे. तिची पूर्ण क्षमता फुलवण्याची हमी कायदा देत नाही, असं बहुमताचं म्हणणं.

आता इंग्लंडचा १९४४ चा शिक्षण कायदा बघा, कलम ३६. तिथे शब्द आहे 'सूटेबल', आणि कशाला सूटेबल तेही त्याच वाक्यात सांगितलंय: मुलाचं वय, क्षमता आणि कल यांना. 'अप्रोप्रिएट' मोकळा सोडला की ज्याच्या हातात पैसा, त्याला हवा तो अर्थ निघतो. कायद्यात तो असा एकटा येऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

उंबरठा

सपशेल असहमत. एक तर तो शब्द एकटा नव्हता. त्याच अमेरिकी कायद्यात प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र लेखी आराखडा बंधनकारक आहे, आणि तो ठरवताना पालकांनाही बसवावं लागतं.

दुसरं, 'सूटेबल'चं एवढं कौतुक करताना त्याच देशातला पुढचा इतिहास राहिला. १९५९ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंतर तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेली मुलं तिथे 'शाळेत शिकवण्यास अनसूटेबल' ठरवली जायची आणि शिक्षण खात्याच्या बाहेर ढकलली जायची. १९७० च्या कायद्याने ते थांबलं. तुमचा नेमका शब्द तेव्हा त्या मुलांच्या कामी आला का?

कडुनिंब

उंबरठा, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. १९४४ च्या कलमात शिक्षण मुलाला साजेसं हवं होतं. १९५९ मध्ये प्रश्नच उलटा केला: मूल शाळेला साजेसं आहे का? या शब्दांच्या बाबतीत कोणी कोणाशी जुळवून घ्यायचं हेच तर लिहून ठेवावं लागतं. 'अप्रोप्रिएट' वापरला की ते लिहायची गरजच वाटत नाही.

दीपमाळ

सैल शब्दाची दुसरी बाजूही बघा. २०१७ मध्ये कोलोरॅडोतल्या एका ऑटिस्टिक मुलाचा खटला त्याच न्यायालयात आला. खालच्या न्यायालयाच्या मते नाममात्रापेक्षा थोडी जास्त प्रगती झाली तरी चालत होतं. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ते खोडून काढलं. मुलाची परिस्थिती लक्षात घेऊन आराखडा पुरेसा महत्त्वाकांक्षी असला पाहिजे, असं सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिलं. कायद्यातला शब्द तोच राहिला आणि मुलांच्या पदरात जास्त पडलं. १९७५ मध्येच सगळं यादीत बांधलं असतं तर न्यायालयाला एवढी जागा राहिली असती का?

कडुनिंब

मधली ३५ वर्षं गेली, दीपमाळ. त्या काळात शाळेत असलेल्या मुलांना ही वाढीव जागा परत मिळत नाही.

चाफा

मी विशेष शिक्षिका आहे, म्हणून इथलं सांगते. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ३१ च्या एकाच वाक्यात 'अप्रोप्रिएट' दोनदा येतो. 'अप्रोप्रिएट शासन' म्हणजे कोण, हे कलम २ मध्ये व्याख्या करून सांगितलंय. मराठीत आपण त्याला समुचित शासन म्हणतो. 'अप्रोप्रिएट वातावरण' म्हणजे काय, याची व्याख्या मात्र नाही. म्हणजे जबाबदार कोण ते पक्कं आणि द्यायचं काय ते मोघम. मला हे मनापासून खटकतं.

तरी माझा कल थोडा धागाकर्त्यांकडे आणि थोडा दीपमाळकडे आहे. पालकांना अर्ज लिहून देताना मी कलम ३१ वर थांबत नाही, कलम १६ घालते. त्यात वाजवी सोयी 'व्यक्तीच्या गरजेनुसार' द्यायच्या आहेत. मग अर्जात त्या मुलाची गरज एकेक करून लिहिता येते: पहिला बाक, मोठा टाइप, लेखनिक, खुणांची भाषा येणारी व्यक्ती. मुख्याध्यापकांना नुसतं 'आमचं वातावरण योग्यच आहे' म्हणून विषय मिटवता येत नाही. प्रत्येक ओळीला उत्तर द्यावं लागतं.

उंबरठा

चाफाताई, अर्ज लिहिण्याची ही पद्धत मला पटली. पण गरज किती आहे हे शेवटी त्याच टेबलावर ठरणार ना? मग 'गरजेनुसार' हा शब्दही 'अप्रोप्रिएट'इतकाच ताणता येईल. पालकांच्या बाजूने बोलणारं कोणी त्या बैठकीत असलंच पाहिजे, अशी तरतूद मी आधी मागेन.